चावी जानव्याला, टेप डायरेक्ट

काकांच्या गाडीची चावी काकांच्या जानव्याला असते. गाडी काढायची वेळ झाली की काका जिना उतरून येतात, सदऱ्याच्या गळ्यातून हात आत घालतात, जानवं वर ओढतात, गाठ सोडतात आणि चावी माझ्या हातावर ठेवतात. चावी गरम असते. परत आलो की तोच हात पुढे होतो. "आण." घरी आल्यावरच असं नाही. वाटेत कुठंही दहा मिनिटं थांबायचं म्हटलं तरी "आण." मी गाडीत बसून, काका-काकू देवळात किंवा लग्नात, आणि चावी जानव्याला.

मी गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली, आणि तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून फिरायला लागलो. ट्रकवरच गाडी शिकलो. सोलापुरात एकदा तापानं पडलो, तेव्हा ट्रकवाल्यानं सरकारी दवाखान्यात टाकलं आणि तो पुढं गेला. शेजारच्या खाटेवर काकूंची बहीण होती. काकू तिच्यासाठी डबा आणायच्या, त्यातली अर्धी भाकरी मला द्यायच्या. मी भात खाणारा, ज्वारीची भाकरी मला तेव्हा घशाखाली जात नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून डब्यात मूठभर भातही आणला. तिथून मी त्यांच्याकडं आलो. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायला माणूस हवा होता. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये खाली पार्किंगला लागून, पाण्याच्या मोटरीजवळ एक खोली होती. ती मला मिळाली. जेवण वर काकूंकडं.

हे उपकार मी विसरत नाही. पण चावीचं मनातून जात नव्हतं. माणूस ज्याच्यावर विसंबतो त्याला चावी देतो, एवढं तर मलाही कळत होतं. काका मूळचे कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीचे. कचेरीत नोकरी, रेकॉर्डच्या खोलीच्या चाव्या सगळी नोकरी त्यांच्याकडं. ते आणि काकू घरात कन्नडमध्ये बोलतात. माझ्याशी मराठीत. त्यामुळं त्या दोघांचं कन्नड सुरू झालं की मला वाटायचं, माझंच काहीतरी चाललंय. मी आईला फोनवर सांगायचो, "सगळं चांगलं हाय, पण बुडगा चावी देत नाई." आमच्याकडं म्हाताऱ्याला बुडगा म्हणतात. त्यात शिवी नाही.

मग ती डबी आली.

काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं कुरियरनं पाठवली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, काळी, मागं वायरींचा झुबका. जुन्या गाडीचा टेप न काढता त्याच्या मागं ही जोडायची, म्हणजे मोबाईल गाडीच्या टेपला जोडला जातो. मोबाईलवरचं गाणं गाडीच्या स्पीकरवर, मोबाईलवरचा फोन गाडीच्या स्पीकरवर. टेप कंपनीनं बसवलेला, डॅशबोर्डच्या मापाचा. त्याचा दिवा कधीच गेला होता, पण काकांना तो बदलायचा नव्हता. पुण्याचा दादा फोनवर सांगत होता आणि काकूंनी फोन मोठ्यानं लावला होता. मी जेवत होतो.

"बाबांना हातात मोबाईल धरायला नको. आईच्या मोबाईलवरून रस्ता पण कळेल. आणि तुम्ही कुठं आहात ते मला इथं बसून बघता येईल."

माझा घास हातातच राहिला. गाडी कुठं आहे ते बघायचं म्हणजे गाडी कोण कुठं नेतं ते बघायचं. काकांना तर सगळं ठाऊकच असतं, ते शेजारीच बसलेले असतात. मग हे बघायचं कोणाचं? मी काकूंकडं पाहिलं. त्या आमटी वाढत होत्या. "घे की अजून," म्हणाल्या. मला ती आमटीसुद्धा जरा जास्तच गोड लागली.

डबी बसवायला आम्ही होटगी रोडला एका वायरिंगवाल्याकडं गेलो. पत्र्याचं शेड, बाहेर बॅटऱ्यांची रांग. माणूस अक्कलकोटकडचा, काकांचं त्याचं लगेच कन्नड सुरू झालं. त्यानं टेपच्या कडेला दोन पट्ट्या खुपसून टेप बाहेर ओढला. मागं वायरींचं जंजाळ. मला म्हणाला, "मोबाईल दे बे तुजा."

"माझा कशाला? गाडी काकांची हाय."

"काकांचा बटनवाला हाय की. ह्याला जोडून बघाय पायजे."

मी दिला. देताना बरं वाटलं नाही. त्यानं माझ्या मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि गाडीतून माझ्याच मोबाईलमधलं गाणं वाजलं. मग मोबाईल परत दिला, पण गाणं थांबेपर्यंत तो माझ्याकडं बघून हसत होता. काका पुढं झाले आणि त्याच्याशी हळू आवाजात कन्नडमध्ये बोलले. बोलताना दोनदा माझ्याकडं बोट केलं. मला त्या सगळ्यातले दोनच शब्द कळले, 'ड्रायव्हर' आणि 'डायरेक्ट'. वायरिंगवाल्यानं मान हलवली, पिवळी वायर सोलली, लाल वायर तिच्यात पिळली आणि वरून काळी पट्टी गुंडाळली.

काका पैसे द्यायला आत गेले तसं मी विचारलं, "काय म्हणाले काका?"

"काय न्हाय. तुज्याच फायद्याचं हाय."

"म्हणजे काय?"

"कळंल की तुला. लई घाई बे तुला."

ज्याच्या फायद्याचं असतं त्याच्यासमोर त्याच्या भाषेत बोलतात. मी तरी असंच धरलं. परत येताना माझी नजर सारखी टेपकडं जात होती. डबी टेपच्या मागं होती, दिसत नव्हती, आणि दिसत नव्हती म्हणूनच सारखी तिथं होती. तिला कान आहे, हे वायरिंगवाल्यानंच सांगितलं होतं. फोनवर बोललेलं तिला ऐकू जावं म्हणून आरशाजवळ त्यानं हरभऱ्याएवढा एक काळा दाणा चिकटवला होता. तेव्हापासून मी गाडीत गुणगुणणंसुद्धा सोडलं. गाडीत बसायच्या आधी मोबाईल पूर्ण बंद करायचा, आणि उतरून खोलीत आलो की चालू करायचा, असा नेम केला.

दर गुरुवारी अक्कलकोट. काका-काकू दर्शनाला गेले की आधी मी गाडीतच काच खाली करून बसायचो, ऊन सीटवर येईपर्यंत. आता मी गाडीत थांबेना. समोर लिंबाखाली चहाचा गाडा होता, तिथं जाऊन बाकावर बसायचो आणि गाडीवर नजर ठेवायचो. चहावाला म्हणाला, "गाडी सोडून हितं का बसलाय? कोन नेतंय व्हय तुमची गाडी?"

"चावी नाही माझ्याकडं," मी म्हणालो.

"मग तर कोनच नेत न्हाय," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

त्याच दिवसांत माझा मोबाईल बिघडला. खोलीत संध्याकाळी गाणं लावलं तर पडद्यावर गाणं पुढं सरकतंय, आवाज नाही. आईचा फोन आला, उचलला, तर पलीकडं कोणीच नाही. मी हॅलो हॅलो करत बाहेर पडलो आणि रस्त्यावर, पानाच्या टपरीपर्यंत गेलो की एकदम आईचा आवाज यायचा, "अवं बोल ना गा!" मी धरून चाललो की खोलीत रेंज नाही. कधी मात्र खोलीतही सगळं नीट ऐकू यायचं. मोबाईलच्या दुकानात दाखवला, तर तिथं मोबाईल ठणठणीत. दुकानदार माझ्याकडं बघत म्हणाला, "आवाज तर येतोय की. कानाला बघा काय झालंय."

कानाला काही झालं नव्हतं. मला वेगळंच वाटायला लागलं, की माझ्या मोबाईलवर कोणीतरी बसलंय. वायरिंगवाल्यानं त्यात काय दाबलं ते मला कुठं माहीत होतं? आणि त्याला दाबायला कोणी सांगितलं?

पुढच्या गुरुवारी गाडी चालूच होईना. चावी फिरवली तर नुसतं टक. बॅटरी उतरली होती. गाडी तीन-चार दिवस हलली नव्हती, काका म्हणाले, जुनी बॅटरी आहे, होतं. ढकलून चालू केली. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता काकांनी बॅटरी चार्जिंगला पाठवली, आणि माझ्याकडं पाहिलं ते चष्म्याच्या वरून.

त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे बँकेतले साहेब खाली आले. गाडी त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली उभी असते. ते काकांना बाजूला घेऊन बोलले, पण मोटर बंद होती, मला खोलीत ऐकू आलं.

"सांगावं की नाही कळत नव्हतं. तुमच्या गाडीत संध्याकाळी गाणी लागतात. आणि परवा तर बाई बोलत होती."

"बाई?"

"बाईच. मी कानांनी ऐकलं. वाकून बघितलं तर आत अंधार."

  मग काका खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले, "मी एकदाच विचारतो. तू दुसरी चावी करून घेतलीस काय?"

"नाही काका."

"मग गाडी कोण उघडतंय?"

"मला काय माहीत? चावी तर तुमच्या..." मी त्यांच्या छातीकडं बोट केलं आणि लगेच खाली घेतलं.

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "चावी माझ्याकडं आहे."

त्या दिवशी जेवायला वर गेलो तर काकूंनी ताट वाढून पुढं ठेवलं. भात होता, रोजच्याएवढाच. पण "अजून घे की" म्हणाल्या नाहीत. मी ताट धुतलं आणि खाली आलो. काका-काकूंचं कन्नड जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. या वेळी ते माझ्याबद्दलच होतं, यात शंका नव्हती.

मला नोकरीची काळजी होतीच. खोली जाईल, गावाला काय सांगायचं, पुन्हा ट्रकवर जायचं का. पण त्याहून दुसरी एक गोष्ट होती. दवाखान्यातल्या त्या मूठभर भातावर कोणीतरी 'गाडीत बाई आणतो' असं लिहिल्यासारखं झालं होतं. आणि मी मात्र मनात सगळा मामला लावून टाकला: पुण्याच्या दादाला म्हाताऱ्यांनी ड्रायव्हर ठेवलेला नको आहे. सरळ सांगता येत नाही म्हणून डबी बसवली, आता बँकेतल्या साहेबांना पढवलं. एवढा खटाटोप माझ्यासारख्यासाठी कोणी कशाला करेल, हे काही सुचलं नाही. टपरीपाशी जाऊन आईला फोन केला, सांगितलं, मी गावाला येऊन राहिलो, सामान भरतो. रडू येत होतं म्हणून जास्त बोललो नाही, फोन ठेवला आणि येऊन पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी वायरिंगवाला चार्ज केलेली बॅटरी घेऊन आला. काकांनी चावी सोडली, दार उघडलं, त्यानं बॅटरी बसवली, टेपचं बटण दाबून बघितलं, बॉनेट लावलं. काकांची पूजा व्हायची होती, निघायला वेळ होता. त्यांनी गाडी बंद केली, दाराला कुलूप लावलं आणि चावी पुन्हा जानव्याला बांधायला लागले. काकू पिशवी घेऊन खाली आल्या होत्या. बँकेतले साहेब स्कूटर काढत होते, पण स्कूटर काही निघत नव्हती. त्यांना बघायचं होतं. मी ठरवलं होतं की आता सांगायचं, काका, मी जातो. त्या गडबडीत मोबाईल बंद करायचा राहिला होता.

तेवढ्यात बंद गाडीत माझ्या मोबाईलची रिंग वाजली.

माझ्या खिशात मोबाईल नुसता थरथरत होता. आईचा फोन. सवयीनं मी तो उचलून कानाला लावला. कानाला काही आलं नाही. आणि गाडीतून, चारी काचा बंद, दारं कुलपात, माझी आई खणखणीत आवाजात बोलायला लागली.

"बाबू! कोठी हायेस गा? सामान भरलास का खरंच?"

बँकेतले साहेब स्कूटर सोडून दोन पावलं मागं सरले. काकांचा हात जानव्याच्या गाठीवर तसाच राहिला.

"मी रातभर इचार केलो," आई म्हणाली. "येऊ नको गा. बुडग्यानं चावी नाई देल्लन त नाई देल्लन. बुडग्याईले आपली सवय रायते. बुडगी पोटभर जेवाले देते, भात करून देते, असा तूच मनत होतास ना? मंग कायले येतेस? हॅलो? अवं बोल ना!"

 मग काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतायत. त्यांचे खांदे हलत होते. "बुडगी म्हणजे मी काय रे?" त्यांनी विचारलं आणि मग त्यांना हसू आवरेनाच.

काकांनी चावी काढलीच नाही. जानव्यासकट वाकले, तसंच छातीपासून ओढून कुलपात घातली, दार उघडलं, आणि डोकं आत घालून टेपकडं तोंड करून म्हणाले, "ताई, नमस्कार. मी बुडगा बोलतोय."

गाडीतून काहीच आलं नाही. आईनं घाबरून फोन ठेवला होता.

वायरिंगवाला टायरपाशी उकिडवा बसला होता, तो उठला. "आता कळलं व्हय? काका, तुमीच म्हनला होता की, डायरेक्ट कर म्हनून. चावी काढली तरी टेप चालूच ऱ्हातोय मग. हेचा मोबाईल भिंतीपलीकडनं जोडला जातोय, अन् बॅटरी बसतीया."

"मला काय माहीत बॅटरी उतरेल म्हणून," काका म्हणाले.

"मी म्हनलो होतो, बटन दाबून टेप बंद करत जा."

"ते मी याला सांगायला विसरलो."

"काय सांगायला?" मी विचारलं. 

काका जानवं आत घालत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चावी मी घेऊन जातो. माझी सवय आहे ती, नोकरीतली, आता काही सुटत नाही. देवळात गेलं की तास-दोन तास जातात. तू गाडीत नुसता बसून राहतोस. म्हणून त्याला म्हटलं, ड्रायव्हरला चावी नसताना गाणी ऐकता आली पाहिजेत. मला वाटलं तुला कळलं असेल. बसायला लागल्यावर कळलंच असतं की."

मी गाडीत बसलोच नव्हतो. लिंबाखाली बसलो होतो.

बँकेतले साहेब, "बरं, बरं, तरीच मी म्हटलं," असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. स्कूटर पहिल्या किकला चालू झाली. काकूंनी मला आईला परत फोन लावायला लावला आणि गाडीत पुढच्या सीटवर बसून तिच्याशी बोलल्या. एकीचं सोलापुरी मराठी, एकीचं आमच्याकडचं. अर्धं एकमेकींना कळत नव्हतं, पण भाताला किती पाणी घालायचं यावर त्यांचं बरंच बोलणं झालं. दुसऱ्या चावीचं जे विचारलं होतं, त्याबद्दल काका काही बोलले नाहीत. दुपारच्या जेवणाला मात्र ते स्वतः म्हणाले, "याला वाढ की अजून." मी वर जाऊन जेवलो आणि पिशवी खाली येऊन सोडली.

वायरिंगवाल्यानं नंतर माझ्या सीटखाली, हात लागेल असं एक छोटं बटण बसवून दिलं. दाबलं की टेपला डायरेक्ट लाइन, पुन्हा दाबलं की बंद. "विसरू नको बे," म्हणाला, "न्हायतर बाई परत बोलंल."

मी विसरत नाही. गाडीतून उतरताना सीटखाली हात घालून बघतो, दोन पावलं जाऊन परत येऊन बघतो. खोलीत गाणं लावायच्या आधी मोबाईलवर गाडीचं नाव दिसतंय का ते पाहतो. आरशाजवळच्या काळ्या दाण्यासमोर अजूनही जपूनच बोलतो, दादाला पुण्यात काय ऐकू जातं कुणाला ठाऊक. काकू म्हणतात त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरून तो फक्त गाडी कुठं आहे एवढंच बघतो. असेल.

अक्कलकोटला पोचलो की काका हात पुढं करतात. "आण." मी चावी देतो. ते सदऱ्याच्या गळ्यातून हात घालतात, गाठ मारतात, आणि दोघं देवळाकडं चालू लागतात. मी काच खाली करतो, सीटखालचं बटण दाबतो आणि गाणं लावतो. चहावाला लांबून हात करतो.

आई आता फोन उचलला की आधी विचारते, "गाडीत हायेस का बाहेर?" गाडीत म्हटलं की काकूंची तब्येत, पाऊसपाणी, असं बोलते. बाहेर आहे म्हटलं की आवाज खाली आणते.

"देल्लन का गा चावी?"

"नाई," मी म्हणतो. "पण बटन देल्लन."